बोटाचा दोष नाही

सतरा एप्रिलचा रविवार होता. सकाळी साडेआठला आमच्या सोसायटीत टँकर आला आणि नऊला गेला. बीड बायपासवर राहणाऱ्यांचा त्या वर्षी रविवार असाच उजाडायचा. बोअर आटलेले, महापालिकेचं पाणी अजून पोहोचलेलं नाही, आणि आजूबाजूच्या नव्या इमारती मात्र मजल्यावर मजला चढवत चाललेल्या. त्यांच्या बांधकामाला पाणी कुठून मिळतं, असं आम्ही जिन्यात एकमेकांना विचारायचो आणि उत्तर न देता आपापल्या दारात शिरायचो. मी घरातली पिंपं भरून घेतली, चहा केला आणि बाल्कनीच्या दारात पुस्तक घेऊन बसले. माझा नवरा देवेश कामासाठी नागपूरला गेला होता. घरात मी एकटी होते आणि कादंबरीची शेवटची साठ पानं उरली होती.

साडेदहाला बाबांचा फोन आला.

"सई, येतेस का इकडं? जेवायलाच ये. आईनं चिंचगुळाची आमटी टाकलीय."

"परत काय दाबलंत, बाबा?"

"काही नाही गं. आज चालू आहे."

"मग?"

"मग काय! बंद पडल्यावरच बोलवायचं का तुला? एक गंमत दाखवायची होती. फोनवर सांगण्यासारखी नाही."

"आज जमणार नाही. टँकर यायचाय अजून. देवेश पण नाहीये."

"अजून आला नाही? अकरा वाजत आले की."

"त्यांचं काही खरं असतं का बाबा."

"ते आहेच म्हणा. बरं, पाणी महत्त्वाचं. तू थांब. पुढच्या रविवारी ये." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "विहीर काय पळून जात नाही."

मी फोन ठेवला आणि दुपारपर्यंत ती साठ पानं संपवली. पुस्तक चांगलं होतं. त्यानंतर मी ते उघडलेलं नाही.

सोमवारी पहाटे आई-बाबांकडे, उस्मानपुऱ्यात, पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. बाबांनी दोन घागरी भरल्या, तिसरी नळाखाली लावली आणि ते अंगणातल्या पायरीवर टेकले. आई आतून म्हणाली, "अहो, घागर भरून वाहतीय, पाणी वाया चाललंय." ते उठले नाहीत. पाणी वाया चाललंय म्हटल्यावर माझे वडील उठणार नाहीत, हे कसं शक्य आहे, असं वाटून ती बाहेर आली.

माझे वडील वैजनाथराव भूजलाच्या खात्यात होते. पद कारकुनाच्या जवळपासचं, पण काम फिरतीचं. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात, ते ठरलेल्या विहिरींवर जाऊन पाण्याची पातळी मोजायचे. दौलताबाद, चितेगाव आणि पुढची पंधरा-वीस गावं. लहानपणी सुटीत मला ते स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे. पोलादी टेपला खालून हातभर खडू चोळायचा आणि टेप विहिरीत सोडायची. वर काढली की जिथवर खडू ओला झालेला असेल तिथवर पाणी. काठावरून वाकून नजरेनं अंदाज केलेला त्यांना चालत नसे. "डोळा फसवतो, खडू फसवत नाही," असं म्हणून ते आकडा वहीत लिहायचे आणि खाली सही करायचे. विहिरीच्या पाण्याला कोण आव्हान देणार होतं, पण सही हवीच.

निवृत्तीनंतर सरकारी वही गेली. त्यांनी दोनशे पानी घरची वही सुरू केली आणि दौलताबादची एक विहीर स्वतःसाठी ठेवली. एसटीनं जायचे, मोजून यायचे. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की आता सगळ्या विहिरींचे आकडे संगणकावर दिसतात, घरबसल्या. तेव्हापासून त्यांनी तेच धरलं. आपला आकडा आणि खात्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघायचा. एवढंच हवं होतं त्यांना.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आदल्या डिसेंबरात आमच्या ग्रंथालयात नवे संगणक आले आणि जुने निकाली निघाले. त्यांतला एक मी रीतसर अर्ज करून बाबांसाठी घेतला. चौदा वर्षांचं यंत्र, मागे पोट सुटलेला मॉनिटर. आमच्याकडे संगणक दुरुस्त करायला शौकतभाई यायचे. त्यांचं शहागंजला छोटं दुकान होतं. त्यांनी त्यातला कचरा साफ केला, जुन्या यंत्राला पेलेल असा एक ब्राउझर टाकून दिला. गाडीत ठेवताना ते म्हणाले, "ताई, एक सांगतो. इसकी घड्याळ की सेल मर गयी है. इथं मेन स्विच कधी बंद होत नाय म्हणून कळलं नाही तुम्हाला. बिजली तुटली की हा तारीख विसरतो. गोल सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा, जरा मोठा. टाकून घ्या." मी हो म्हटलं. माझ्या हातात त्या वेळी रद्द झालेल्या पुस्तकांच्या याद्या होत्या.

जानेवारीच्या अखेरीस टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं. मोडेमचे हिरवे दिवे लागले तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. बाबा म्हणाले, "अगं, ओलं लावू नको, शॉक बसंल." मी यंत्राची तारीख हातानं बरोबर केली आणि ब्राउझर उघडून दिला. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. मी त्यांना एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि शेवटी लाल शाईनं लिहिलं: "जोडणी सुरक्षित नाही, असा इशारा आला तर पुढे जायचं नाही. बंद करून मला फोन करायचा." त्या वर्षी बँकेतून बोलतोय म्हणून म्हाताऱ्यांचे पैसे काढून घेणारे फोन फार येत होते. मला भीती वाटत होती.

त्यांनी तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला. त्यांच्या दृष्टीनं ते शासन परिपत्रक होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "सई, इशारा आला."

त्याचं असं होतं. बाबांनी अडतीस वर्षं कचेरीतून निघताना पंखा, दिवा आणि मुख्य बटण बंद केलेलं. घरीही संगणकाचं काम झालं की ते भिंतीवरचं बटण बंद करायचे आणि वर मोडेमची पिनही काढून ठेवायचे. यंत्राचा सेल मेलेला. वीज तुटली की ते सगळं विसरायचं आणि पुन्हा चालू झालं की त्याच्यासाठी तो दिवस एक जानेवारी दोन हजार दोन असायचा. त्या तारखेला यंत्र जगातल्या कुठल्याच पानावर विश्वास ठेवायला तयार नसायचं. पानाच्या ओळखपत्रावरची तारीख पुढची, आपली मागची, म्हणजे समोरचा लबाड. म्हणून इशारा. पुढे जायचं बटण तिथंच होतं. दुसरा कुणी असता तर कंटाळून कधीतरी दाबलं असतं. बाबांनी ते कधीच दाबलं नाही. मी लिहून दिलं होतं ना.

पहिल्यांदा मी गेले, तारीख दुरुस्त केली आणि म्हणाले, "तुमच्याकडून तारखेवर क्लिक झालं असेल." दुसऱ्यांदा मला वेळ नव्हता. फोनवर विचारलं, "काय काय दाबलंत? आठवून सांगा."

"जे लिहिलंय तेच दाबलं."

"मग असं कसं होईल? तुमच्याकडून दोन-दोन बटणं एकदम दाबली जातात बाबा. बोट नीट उचलत नाही तुम्ही."

"असंल," ते म्हणाले. "टेप धरून धरून बोटं जाड झालीत."

असे किती फोन झाले ते मी मोजले नाहीत. फेब्रुवारीत एकदा गेले तर ते टोकाला रबर असलेली पेन्सिल उलटी धरून एकेक बटण दाबत होते. पेन्सिलीच्या रबराखाली एकच बटण येतं, म्हणून. मला हसू आलं. मी हसलेसुद्धा. तेही हसले. "बघ, आता दोन दाबली तर पेन्सिलीला बोल लाव."

अठरा मार्चला ग्रंथालयातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला. शिपाई तो बदलत असताना मला शौकतभाईंचं बोलणं आठवलं, अक्षर न् अक्षर. मी खुर्चीवरच बसून राहिले. दीड महिना मी त्यांच्या बोटांना नावं ठेवत होते आणि दोष माझ्या विसरण्याचा होता. संध्याकाळी मी तो गोल सेल विकत घेतला आणि पर्समध्ये टाकला. तेव्हाच फोन करायचा होता. "बाबा, माझं चुकलं," एवढंच सांगायचं होतं. पण मी असं ठरवलं की पुढच्या खेपेला गेले की ते अंघोळीला गेल्यावर गुपचूप बसवून टाकू. यंत्र सुधारेल, फोन थांबतील, कुणाला काही कळायला नको. मग परीक्षा आल्या, पाणी आलं नाही, देवेशची आई येऊन गेली. सेल पर्समध्येच राहिला. किल्ल्या शोधताना हाताला लागायचा.

तेरावा झाल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज हवा होता. तो इंटरनेटवर मिळतो असं कळलं, म्हणून मी पुढच्या शनिवारी बाबांच्या खोलीत संगणकासमोर बसले. खुर्चीवर त्यांची उशी तशीच होती, म्हणून ती खुर्ची बाजूला सरकवून मी पलंगाच्या कडेवर टेकले. भिंतीवरचं बटण बंद होतं. ते त्यांनीच रविवारी बंद केलेलं असणार.

माझ्या कागदाखाली आता दुसरा कागद चिकटवलेला होता. त्यांचं अक्षर, समासासकट.

"१. मुख्य बटण चालू करणे. २. काळा पडदा येईल. घाबरू नये. एफ-१ दाबणे. ३. उजव्या कोपऱ्यात तारीख पाहणे. चूक असल्यास (असतेच) प्रथम ती दुरुस्त करणे. ४. त्यानंतरच ब्राउझर उघडणे. इशारा येत नाही."

मी त्याप्रमाणे केलं. इशारा आला नाही. पान उघडलं. मी चार मिनिटांत, फार तर पाच, तिथं पोहोचले जिथं पोहोचायला त्यांना अडीच महिने लागले होते.

कीबोर्डच्या खाली विहिरीची वही होती. शेवटून उघडल्यावर उलट्या बाजूनं त्यांनी नवे रकाने आखले होते: दिनांक, बटण बंद केले किंवा नाही, यंत्राने दाखवलेली तारीख, इशारा. बावीस नोंदी होत्या. पहिल्या सतरांमध्ये बटण बंद, तारीख एक जानेवारी दोन हजार दोन, इशारा आला. मग एका रात्री त्यांनी बटण मुद्दाम चालू ठेवलं होतं. माझ्या वडिलांनी, पूर्ण रात्र. सकाळची नोंद: तारीख टिकली, इशारा नाही. खात्री करायला पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून निष्कर्ष लिहिला होता, खात्यात लिहायचे तसा:

"विजेचा पुरवठा तुटल्यास यंत्र तारीख विसरते. आत घड्याळाचा सेल असावा व तो संपला असावा. बोटाचा दोष नाही. रविवारी सई आल्यावर तिला दाखवणे."

खाली सही. सोळा चार सोळा.

बाजूच्या पानावर दौलताबादच्या विहिरीचा त्यांचा मार्चचा आकडा होता, चौदा मीटर साठ. त्याच्या शेजारी वेगळ्या शाईनं खात्याचा, संगणकावर पाहिलेला. चौदा मीटर साठ. पुढे काही शेरा नव्हता. फक्त बारीकशी बरोबरची खूण केलेली होती.

मी अर्ज उतरवून घ्यायला विसरले. वही मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा बाहेर आवाज आला, "ताई हैत का?" शौकतभाई होते. ते गावाला गेले होते, त्यांना उशिरा कळलं होतं. आईनं त्यांना आतच बोलावलं. त्यांनी टोपी सारखी केली, खुर्चीवर न बसता स्टुलावर बसले.

"चाचा लई सीधे आदमी होते," ते आईला म्हणाले. "एक बार दुकान पे आये थे, फरवरी में. मला म्हणाले, मास्टर, बोटाला लावायचं काही रबरी टोपण मिळतं का, एका वेळी एकच बटण दबनारं. मी म्हटलं चाचा, असं काही येत नाय, पेन्सिल उल्टी पकडा. हसे बहुत." मग त्यांची नजर यंत्राकडे गेली. "चालतंय ना बराबर? सेल टाकला होता ना, ताई, तो? मी बोललो होतो तुम्हाला."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी उठले, दाराच्या खिळ्याला अडकवलेली पर्स काढली आणि सेल त्यांच्या हातात दिला. कागदाचं पाकीट कडेनं मळलं होतं. शौकतभाईंनी एकदा पाकिटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं. खिशातून छोटा पेचकस काढला, भिंतीवरचं बटण बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं. आतली धूळ फुंकर न मारता रुमालानं टिपून घेतली. जुना सेल नखानं उचकटला, नवा दाबून बसवला. झाकण लावलं. शेवटचं एकदा तारीख लावून यंत्र बंद केलं, बटण बंद केलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू केलं. काळा पडदा आला नाही. कोपऱ्यात तारीख होती, आजची.

"हो गया," ते हळूच म्हणाले. चहा नको म्हणाले, पण आईनं आग्रह केला तेव्हा अर्धा कप घेतला, आणि गेले.

आई कप उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"एवढंच होतं का गं ते?"

"एवढंच."

"दोन मिनिटांचं काम." तिनं कप परत खाली ठेवले. "डॉक्टरांकडे गेले होते ते, सई. बोटं दाखवायला. मला म्हणाले, सईला बोलू नको, उगाच काळजी करंल. डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही तुमच्या बोटांना. तर त्यांचा विश्वासच बसंना. हात पुढं धरून बघत बसायचे, थरथरतो का म्हणून. रात्री मलाही बघायला लावायचे, तू बघ, तुला दिसतंय का."

मी वही मिटून कीबोर्डखाली सरकवली.

"आणि मग त्या शनिवारी संध्याकाळी ह्या खोलीतून ओरडले. यमुना, मी नव्हे! मी म्हटलं काय नव्हे? तर म्हणतात, मी नव्हे, यंत्र! लहान पोरासारखे. दुसऱ्या दिवशी आमटी करायला लावली, तुला आवडते म्हणून." ती पलंगाच्या कडेला बसली. "हा सेल कधी घेतलास तू?"

"मार्चात."

"मार्चात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मग दिला का नाहीस गं?"

बाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि आपटून बंद केलं. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले आहे. माणसं अशा वेळी काय बोलतात ते मी शेकडो पानांवर वाचलेलं आहे. मला एकही वाक्य आठवलं नाही.

"आई, ते..."

"मला नको सांगू," आई म्हणाली. "मला सांगून काय? त्यांना सांग."

ती उठून गेली नाही. पलंगाच्या कडेला, पदराचं टोक हातात धरून बसून राहिली. मी खुर्चीकडे वळले. उशीवर अजून त्यांच्या बसण्याचा खळगा होता. कीबोर्डच्या वर, शेवटच्या ओळीपाशी, उलटी पेन्सिल आडवी ठेवलेली होती आणि तिचं रबर एका बाजूनं झिजलं होतं.

"बाबा," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमच्या बोटांचा दोष नव्हता. मला माहीत होतं. शौकतभाईंनी मला आधीच सांगितलं होतं, मी विसरले, आणि आठवल्यावरही तुम्हाला बोलले नाही, कारण मग माझं चुकलं असं म्हणावं लागलं असतं. आणि त्या रविवारी टँकर साडेआठलाच येऊन गेला होता, बाबा. मी घरीच होते. मी वाचत बसले होते."